डीएपीची रांग आणि शेअरचा भाव

पत्र थोडक्यात: लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या, त्रेचाळीस वर्षांच्या एका वाचकांचं हे पत्र. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी डीमॅट खातं उघडून दोन लाख घातले. आठ-नऊ महिन्यांत त्याचे पावणेतीन झाले. धीर चेपला, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी साडेचार लाख टाकले. त्यातले तीन लाख दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून (माल भरायला बँकेनं दिलेली कर्जाची मर्यादा) उचललेले, व्याज साडेअकरा टक्के. शेअर बहुतेक लहान कंपन्यांचे: रेल्वे, संरक्षण, सौर ऊर्जा, शिवाय दोन खत कंपन्या आणि एक बियाणे कंपनी. बाजार घसरायला लागल्यावर डिसेंबरात नफ्यातले दोन शेअर विकले. तोट्यातले ‘खरेदीच्या भावाला आले की काढू’ म्हणून ठेवले. मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ‘आता सहन होईना’ म्हणून सगळंच विकलं. साडेसहा लाखांचे चार लाख पंच्याऐंशी हजार हाती आले. त्याच महिन्यात कंपन्यांची मार्चअखेरची देणी होती, असंही पत्रात एका ओळीत येऊन जातं. विकल्यावर बाजार लगेच वर गेला. पुण्यात शिकणारा पुतण्या म्हणतो, ‘काका, बाजार म्हणजे सगळा मूड. तो ओळखता आला की पैसा.’ तीन महिन्यांना आठ हजार घेऊन ऑप्शनचे (ठरलेल्या भावाला पुढं घ्यायच्या-विकायच्या हक्काचे सौदे) कॉल, म्हणजे काय घ्यावं-विकावं याच्या टिपा, देणाऱ्या एका टेलिग्राम ग्रुपात नाव घाला, असा त्याचा आग्रह आहे. पत्नी म्हणतात, सोनं घ्या, नाहीतर गावालगत प्लॉट. वाचक विचारतात: बाजाराचा मूड ओळखायला शिकता येतो का? की माझा स्वभावच घाबरट, मी यात पडूच नये?

नमस्कार,

पुतण्याचं निम्मं म्हणणं खरं आहे, आणि ते निम्मं तुम्हाला त्याच्याकडून शिकायची गरज नाही. जूनमध्ये ‘डीएपीचा रॅक लागणार नाही’, म्हणजे या खताची मालगाडी येणार नाही, अशी कुजबुज गावात सुरू झाली की काय होतं, हे तुम्ही गल्ल्यावर बसून पाहता. ज्याला चार पिशव्या लागतात तो दहा मागतो. शटर उघडायच्या आधी दुकानापुढं माणसं उभी असतात. जमीन तेवढीच, पेरा तेवढाच; वाढलेली असते ती फक्त धास्ती. पण पन्नास किलोच्या पिशवीवर १,३५० रुपये छापलेले असतात, त्यामुळे ती धास्ती भावात शिरत नाही. ती रांगेत दिसते, लिंकिंगमध्ये (खताबरोबर नको असलेला मालही गळ्यात मारणं) दिसते, ‘शेठ, दोन तरी बाजूला ठेवा’ या फोनमध्ये दिसते. शेअरवर छापील किंमत नसते. तिथं सगळी रांग थेट भावातच उभी राहते.

म्हणजे नेमकं काय होतं, ते दोन आकड्यांत बघू. शेअरचा भाव म्हणजे कंपनीचा दर शेअरमागचा वर्षाचा नफा, गुणिले त्या नफ्याच्या किती पट द्यायला लोक तयार आहेत तो आकडा. एखादी कंपनी शेअरमागे १० रुपये कमावते आणि बाजार खुशीत असल्याने लोक ६० पट देतात, भाव ६००. वर्षभरात नफा १५ टक्क्यांनी वाढून साडेअकरा रुपये झाला, पण हुरूप ओसरला आणि लोक ३५ पटच द्यायला लागले; भाव ४०२. कंपनीनं काही चुकवलं नाही, उलट जास्त कमावलं, आणि शेअर एक तृतीयांश पडला. ‘कंपनी तर चांगली होती’ असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे. असेलही. पण तुम्ही पैसे कंपनीला मोजले होते की त्या साठ पटीला, हे तपासायचं राहून गेलं.

आता हा मूड पडद्यावर कसा हलतो तेही बघा, कारण टीव्हीवरच्या मथळ्यांचा निम्मा धाक इथंच उतरतो. लहान कंपनीचा शेअर २१२ रुपयांवर आहे असं समजा. घेणाऱ्यांची यादी अशी: २१२ ला १२० शेअर, २११.५० ला ८०, २१० ला ३००, २०८.२५ ला १५०, २०७ ला ५००. तुम्ही घाबरून ‘मार्केट ऑर्डर’ने, म्हणजे मिळेल त्या भावाला, एक हजार शेअर विकायला टाकता. पहिले चार खरेदीदार मिळून ६५० शेअर उचलतात, उरलेले ३५० शेअर २०७ वर जातात. तुम्हाला सरासरी २०९ रुपये मिळाले. पण पडद्यावर शेवटचा भाव २०७ लागला. कंपनीचे एकूण एक कोटी शेअर असतील, तर तुमच्या दोन लाख नऊ हजारांच्या विक्रीनं तिचं बाजारमूल्य कागदावर पाच कोटींनी घटलं. ते पाच कोटी कुणाच्या खिशात गेले नाहीत आणि कुणी नेलेही नाहीत. ‘गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले’ हा मथळा याच हिशोबातून येतो: थोड्या शेअरांचा सौदा, आणि त्या भावानं सगळ्या शेअरांचा गुणाकार. मोठ्या बँकेच्या शेअरमध्ये प्रत्येक भावाला हजारो शेअर घेणारे उभे असतात, म्हणून तिथं दोन लाखांची विक्री कळतही नाही.

म्हणून मूडचा फटका सगळ्या शेअरना सारखा बसत नाही. लहान, नव्या, नफा न कमावणाऱ्या आणि ज्यांचं मोल ठरवणंच अवघड आहे अशा कंपन्यांवर तो सर्वांत जास्त असतो, हे माल्कम बेकर आणि जेफ्री वर्गलर यांनी २००६ मध्ये अमेरिकी बाजाराच्या आकड्यांवरून दाखवलं. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांकडे, ७० ते ७५ टक्के शेअर असतील, तर बाजारात फिरणारा माल पाव हिस्साच. चढताना तो मिळत नाही म्हणून भाव उडतो. उतरताना घेणारा मिळत नाही म्हणून ‘लोअर सर्किट’ लागतं, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जितका पडू दिला जातो त्या मर्यादेला तो अडकतो. पाच टक्क्यांचं सर्किट सलग पाच दिवस लागलं तर भाव साडेबावीस टक्क्यांनी खाली येतो, दहा दिवसांत चाळीस टक्क्यांनी, आणि मधे तुम्ही विकायला उभे असूनही शेअर जात नाही. स्टॉप लॉसची (ठरलेल्या भावाखाली गेलं की आपोआप विकायची) ऑर्डर लावलेली असली तरी समोर घेणाराच नसेल तर ती नुसती लटकते. तुमच्या यादीतली रेल्वे-संरक्षण-सौर ही नावं त्या काळात नेमकी याच जातीची होती. जिथं मूड सर्वांत जोरात आपटतो तिथंच जाऊन तुम्ही उभे राहिलात. मूड ओळखायचं कौशल्य नसल्याने तुमचं जेवढं नुकसान झालं, त्याहून जास्त या निवडीनं झालं असं मला वाटतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मूड मोजता येतो का? बऱ्यापैकी येतो. इंडिया व्हिक्स नावाचा निर्देशांक निफ्टीच्या (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरांचा निर्देशांक) ऑप्शनच्या किमतींवरून काढतात. तो १५ असला तर पुढच्या महिन्याभरात निफ्टी साधारण सव्वाचार टक्के इकडे किंवा तिकडे हलेल अशी बाजाराची धारणा आहे, असा त्याचा अर्थ (१५ ला बाराच्या वर्गमुळानं भागायचं). ३० असला तर साडेआठ-पावणेनऊ टक्के. इकडे की तिकडे, हे तो सांगत नाही. लोक नेमकं हेच विसरतात. मार्च २०२० मध्ये तो ८० च्या वर गेला होता. दुसरं माप रोज संध्याकाळी येणारा परदेशी आणि देशी संस्थांच्या खरेदी-विक्रीचा आकडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर विकले, देशी संस्थांनी जवळजवळ सगळा माल उचलला, तरी निफ्टी त्या महिन्यात सहा टक्क्यांनी खाली आला. ‘देशी पैसा येतोय, आता पडत नाही’ म्हणणाऱ्यांचा हिशोब तिथं चुकला, कारण विकायची घाई ज्याला असते, भाव त्याच्या बाजूला झुकतो. आणि तिसरं माप माझं आवडतं आहे: लोक कशासाठी रांग लावतात ते बघायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या, दोन शोरूम आणि आठ कर्मचारी असलेल्या एका दुचाकी विक्रेत्यानं १२ कोटींचा एसएमई आयपीओ (लहान उद्योगाची पहिली जाहीर शेअरविक्री) आणला आणि त्याला साडेचार हजार कोटींहून अधिक रकमेचे अर्ज आले. तुम्ही साडेचार लाख घातले ते त्याच सुमारास.

मोजता येतो खरा, पण त्यावर पैसे करता येतात का? ३ जून २०२४ ला मतदानोत्तर चाचण्यांच्या आनंदात निफ्टी सव्वातीन टक्के चढून २३,२६४ वर बंद झाला. त्या संध्याकाळी मूड कुणालाही ओळखता आला असता; आंधळ्यालाही दिसत होता. ४ जूनला निकाल वेगळे लागले आणि निफ्टी जवळपास सहा टक्के कोसळून २१,८८५ वर. बाजारमूल्य ३१ लाख कोटींनी घटल्याचा मथळा त्याच दिवसाचा. व्हिक्स दिवसभरात तिशी ओलांडून गेला, दुसऱ्या दिवशी विशीच्या खाली आला. ७ जूनला निफ्टी २३,२९० वर, म्हणजे ३ जूनच्याही वर. ३ तारखेला मूड ओळखून घेणारा ४ ला झोपला. ४ ला मूड ओळखून विकणारा ७ ला हात चोळत बसला. त्या आठवड्यात मूडकडे ज्यांनी बघितलंच नाही, ते होते तिथंच राहिले. सगळ्यांना दिसणारा मूड भावात आधीच मिसळलेला असतो. जो अजून मिसळला नाही तो कुणाला दिसत नाही, त्या टेलिग्रामवाल्यालाही नाही.

तेव्हा बाजाराचा मूड ओळखण्याचा क्लास राहू द्या. मात्र तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीवर मी अडलो आहे. तुम्ही लिहिता, ‘स्वभाव घाबरट’. माझा यावर विश्वास नाही. उधारीवर खरीप काढणारा माणूस घाबरट नसतो. मार्चच्या त्या आठवड्यात तुमच्या डोक्यावर मार्चअखेरची देणी होती, तीन लाखांवर साडेअकरा टक्क्यांनी महिन्याला २,८७५ रुपये व्याज चढत होतं, आणि पुढं बियाण्याच्या बुकिंगला रक्कम लागणार होती. अशा पैशावर वीस-पंचवीस टक्के तोटा दिसला तर घाबरणं हाच शहाणपणा होता. तो पैसा चार महिन्यांचा पाहुणा होता. त्याला पाच वर्षांच्या मुक्कामाला पाठवलं ही चूक ऑगस्ट-सप्टेंबरातच झाली होती. मार्चमध्ये फक्त तिचं बिल आलं. ४ मार्चला निफ्टी २२,०८३ वर होता आणि महिनाअखेर २३,५१९ वर. पण तुम्हाला महिनाअखेरपर्यंत थांबता येण्यासारखं होतं का? नव्हतं. आणि थांबला असता तर ७ एप्रिलला तो पुन्हा २१,७४३ पर्यंत उतरला होता, हेही हिशोबात धरा. बाजारातली पडझड अनेकदा अशीच होते: घाबरलेले थोडे असतात, ज्यांना पैसे भरायचेच आहेत असे बरेच असतात. उसन्या पैशावर शेअर घेतलेल्यांचं मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची तारण रक्कम) कमी पडलं की ब्रोकर स्वतःच विकतो, त्यानं भाव आणखी पडतो, मग पुढच्याचं मार्जिन तुटतं. बाहेरून बघणारा त्याला ‘निराशेचं वातावरण’ म्हणतो.

डिसेंबरात नफ्यातले विकून तोट्यातले ठेवले, त्याबद्दल. हे इतकं सर्रास घडतं की त्यावर १९८५ मध्ये हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी संशोधन करून त्याला नावही दिलं. पण तुम्हाला ते लातूरच्या बाजार समितीत जास्त स्पष्ट दिसेल. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीननं तिथं क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. मग केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, नवा माल आला आणि भाव निम्म्यावर आले. त्यानंतर किती घरांत कट्टे पडून राहिले ते तुम्हाला ठाऊक, कारण तुमची उधारी त्याच कट्ट्यांत अडकली होती. ‘दहा हजार पाहिलेत, पाच हजाराला कसं देऊ?’ २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याहूनही कमी, तरी तो दहाचा आकडा मनातून गेला नव्हता. सोयाबीनला ठाऊक नसतं की ते कधीकाळी दहा हजार होतं. शेअरलाही तुमचा खरेदीचा भाव ठाऊक नसतो. ‘आज हे पैसे रोख हातात असते, तर याच भावाला हाच शेअर मी घेतला असता का?’ हा प्रश्न विचारायचा. उत्तर ‘नाही’ आलं तर खरेदीभावाची वाट बघण्यात अर्थ उरत नाही.

याच धाग्याला लागून: खताच्या दोन आणि बियाण्याची एक अशा कंपन्या ‘मला या धंद्यातलं कळतं’ म्हणून घेतल्यात. कळतं हे खरं. पण पाऊस ओढ देतो त्या वर्षी दुकानाची विक्री कमी, उधारी बुडीत, आणि वर हे शेअरही खाली. तुमचं सगळं आयुष्य आधीच मान्सूनवर लावलेलं आहे. गुंतवणूक तरी दुसऱ्या कशावर लावा.

ऑप्शनच्या ग्रुपाबद्दल फार लिहीत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले, खर्च धरून सरासरी दोन लाख रुपये माणशी. ग्रुप चालवणाऱ्याला संशोधन विश्लेषक म्हणून सेबीचा नोंदणी क्रमांक लागतो. तो ‘आयएनएच’ या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’नं. पुतण्याला तो क्रमांक मागायला सांगा आणि सेबीच्या संकेतस्थळावर नावाशी ताडून बघा. क्रमांक खरा निघाला तरी नफ्याची हमी देणारा माणूस नियम मोडतोच आहे. तुमचं लॉगिन किंवा ओटीपी मागणारा तर सरळ चोर. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितके तास जातील तितकी रक्कम अडवणं कठीण.

वहिनींचं सोनं आणि प्लॉट. दोन्हींवर मूड चालतोच. महामार्गाची आखणी बदलल्याची बातमी आली की रस्त्याकडेच्या एकराचा भाव काय होतो, ते तुम्ही पाहिलं असेल. फरक इतका, की प्लॉटचा भाव दर सेकंदाला मोबाइलवर येत नाही, म्हणून माणूस दहा वर्षं टिकतो. वहिनी चुकीचं सांगत नाहीत. त्यांनी तुमचा मोबाइल पाहिला आहे. पण प्लॉटमध्ये अडकलेले पैसे मार्चअखेरला निघत नाहीत, हा तुमच्या धंद्यातला अडसर तिथं जास्तच मोठा होतो.

आता काय करायचं. हातातल्या चार लाख पंच्याऐंशी हजारांपैकी पहिले तीन लाख कॅश क्रेडिट खात्यात परत भरा. तिथं वाचणारे साडेअकरा टक्के म्हणजे बिनधोक्याचा परतावा आहे. व्याज धंद्याचा खर्च म्हणून दाखवत असाल तर करानंतर तो थोडा कमी पडतो, तरीही शेअर बाजारात इतकी खात्री कुणी देत नाही. शिवाय शेअरसाठी उचललेल्या रकमेचं व्याज धंद्याच्या खर्चात घालणं बरोबर नाही आणि बँकेनंही ती मर्यादा मालासाठी दिलेली असते. तेवढ्या तीन लाखांचा हिशोब कर सल्लागाराला स्पष्ट सांगा. त्याच भेटीत विचारा की तुमचा भांडवली तोटा विवरणपत्रात दाखवला का. विवरणपत्र मुदतीत भरलेलं असेल तर असा तोटा आठ वर्षं पुढं ओढून पुढच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो. हे पैसे लोक सर्रास सोडून देतात.

उरतात एक लाख पंच्याऐंशी हजार. यातलं शेअरमध्ये किती? उलटा हिशोब करा. टक्केवारीत माणूस शूर असतो, म्हणून रुपयात विचारा: किती रुपये कमी झालेले दिसले तरी तुम्ही रात्री झोपाल आणि दुकानात गिऱ्हाइकावर खेकसणार नाही? जानेवारी २०२० मधल्या शिखरापासून २३ मार्च २०२० पर्यंत निफ्टी ३८ टक्के पडला होता, आणि एकट्या २३ मार्चला तो आदल्या बंद भावाच्या १३ टक्के खाली आला होता. म्हणून मोठ्या कंपन्यांच्या इंडेक्स फंडासाठी (निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड) तुमचा आकडा ०.४ नं भागा. पन्नास हजार सोसत असतील तर सव्वा लाख, ही तुमची कमाल मर्यादा. लहान कंपन्यांसाठी ०.६५ नं भागा. २०१८ च्या जानेवारीपासून मार्च २०२० पर्यंत त्यांचा निर्देशांक साठ टक्क्यांहून जास्त खाली गेला होता. म्हणजे तेवढ्याच सोशिकपणाला पाऊण लाखाच्या आसपास. दोन्हीत घालायचं असेल तर दोन्ही तोट्यांची बेरीज तुमच्या आकड्याच्या आत बसली पाहिजे. आणि हा सगळा पैसा सहा-सात वर्षं लागणार नाही असाच असावा. मुलांची फी, बुकिंगची रक्कम, कंपनीची देणी: ज्याला तारीख आहे तो पैसा मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा फंड).

‘दर महिन्याला एसआयपी करा’, म्हणजे बँक खात्यातून फंडात ठरलेला हप्ता घाला, हा सल्ला तुम्हाला सगळे देतील. तो पगारदारांसाठी ठीक आहे. तुमच्या खात्यात जून ते सप्टेंबर खडखडाट असतो. तेव्हा हप्ता परत गेला की बँक दंड लावते, आणि सलग तीन मासिक हप्ते चुकले की एसआयपी बंद पडते. तुमच्या गल्ल्यात पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर, ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. त्या काळात उधारी वसूल होऊन पुढच्या हंगामाची सोय झाल्यावर जे उरेल ते लिक्विड फंडात टाका आणि तिथून त्याच फंड घराण्याच्या निफ्टी ५० इंडेक्स फंडात ‘एसटीपी’ (एका फंडातून दुसऱ्यात ठरलेली रक्कम आपोआप हलवायची सोय) लावा, महिन्याला एक हप्ता, बारा महिने. साठ हजार उरले तर महिन्याला पाच हजार आपोआप सरकतील. खातं रिकामं असलं तरी हप्ता चुकत नाही, कारण पैसे आधीच तिकडे आहेत. पहिला हप्ता आठ दिवसांनंतरचा ठेवा. लिक्विड फंडातून सात दिवसांच्या आत काढलं तर थोडा एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याचं शुल्क, लागतो. लिक्विड फंडावर मिळालेल्या वाढीवर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागेल, ती रक्कम किरकोळ असते. या पद्धतीचा तुमच्यासारख्याला खरा उपयोग असा, की बाजार खुशीत असताना सगळं एकदम घालायची आणि रडत असताना काहीच न घालायची संधी हातातून काढून घेतली जाते. वाशीमच्या अडत्यापासून जालन्याच्या बियाणे विक्रेत्यापर्यंत, हंगामी मिळकतीच्या कुणालाही हे लागू आहे.

थेट शेअर घ्यायची हौस राहीलच. ती मारू नका, पण एकूण शेअर रकमेच्या दहा टक्क्यांवर बांधा. त्यासाठी चार सवयी पुरतात. किंमत फक्त साडेतीननंतर बघायची. ऑर्डर रात्री ठरवून दुसऱ्या दिवशी साडेनऊनंतर टाकायची, कारण उघडल्याउघडल्या रात्रभराच्या बातम्यांची घाई भावात असते. ऑर्डर कायम ‘लिमिट’नं, म्हणजे भाव आपण ठरवून, वरची २१२ वरून २०७ ची यादी आठवा. आणि घेण्याआधी खतविक्रीच्या जुन्या बिलबुकाच्या पाठीवर तीन ओळी लिहायच्या: का घेतो आहे, काय दिसलं तर माझं चुकलं असं मानेन, हे पैसे मला कधी लागतील. तिसरी ओळ लिहिताना तारीख दोन वर्षांच्या आतली आली, तर तिथंच थांबा.

एक काम या रविवारी करा, तासाभराचं आहे. ब्रोकरच्या ॲपमधून ‘ट्रेडबुक’, म्हणजे तुमच्या सगळ्या व्यवहारांची यादी, उतरवून घ्या आणि पुतण्याला शेजारी बसवा; त्याला एक्सेल येत असेल. प्रत्येक व्यवहारापुढं तीन रकाने जोडा: त्या दिवशी निफ्टी वर होता की खाली, आधीच्या महिन्यात तो शेअर किती टक्के चढला किंवा पडला होता, आणि तुम्ही तो व्यवहार कुणाच्या सांगण्यावरून केला. खरेदीच्या बहुतेक ओळींपुढं मोठे चढते आकडे आणि विक्रीपुढं पडते आकडे दिसतील, असा माझा अंदाज आहे. एकूण किती व्यवहार झाले तेही मोजा. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या ६६ हजारांहून अधिक घरांची १९९१ ते १९९६ या काळातली खाती तपासली, तेव्हा सर्वांत जास्त उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले होते आणि बाजारानं दिले होते १७.९ टक्के. तुमचं ट्रेडबुक भरून झालं की पुतण्याकडून त्याचंही मागा. तो किती दिवसांपासून ऑप्शन करतोय आणि फीचे आठ हजार कुठून येतात, हे पत्रात कुठंच नाही.